प्रस्तावना न वाचणारा माणूस

माळीवाड्याच्या एसटी स्टँडसमोर आप्पासाहेबांचं पुस्तकांचं दुकान होतं आणि त्यात शिरणाऱ्या दहा माणसांतल्या आठांना पुस्तक नको असायचं. त्यांना सावली हवी असायची. पारनेरची गाडी लागेपर्यंत नाहीतर राहुरीची सुटेपर्यंत ही मंडळी पिशवी पायाशी ठेवून पुस्तकं चाळत उभी राहायची. मी स्टेशनरीच्या काउंटरला होते. या चाळणाऱ्यांचा मला मनापासून राग यायचा, कारण त्यांच्या बोटांचे डाग पुसायचं काम माझ्याकडे होतं. रंगनाथरावांना मात्र हीच माणसं आवडायची. "शुभांगीबाई, यादी घेऊन येणाऱ्याला पुस्तक कुणीही देईल," ते म्हणायचे. "काही नको म्हणून आलेल्याच्या हातात काहीतरी ठेवता आलं पाहिजे."

आणि ते ठेवायचे. सव्वीस वर्षं ते त्या दुकानात विक्रेते होते. शिक्षण जुनी अकरावी, अंगात पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं. त्यांचा एक नियम सगळ्या नगरला माहीत होता: स्वतः न वाचलेलं पुस्तक ते कुणाला घ्या म्हणायचे नाहीत. कुणी विचारलं तर सरळ सांगायचे, "हे मी वाचलेलं नाही." आप्पासाहेब मागे कपाळाला हात लावायचे, पण त्याच वाक्यामुळे दुसरं पुस्तक खपतं हे त्यांनाही कळत होतं. रंगनाथराव म्हणाले म्हणजे झालं, असं लोक बोलायचे.

दुसरा नियम मला जरा शिष्टपणाचा वाटायचा. ते प्रस्तावना वाचायचे नाहीत. "प्रस्तावना म्हणजे लेखकाच्या मित्रानं लिहिलेलं शिफारसपत्र," असं त्यांचं म्हणणं. "ते वाचून आत शिरलो की माझं मत माझं राहत नाही." त्यामुळे आकडे घातलेलं पहिलं पान जिथे सुरू होतं तिथून ते वाचायला घ्यायचे आणि शेवटच्या ओळीपर्यंत जायचे. मी एकदा म्हटलं, "कधीतरी गोत्यात याल." ते हसले. मीही सहज म्हटलं होतं.

माणूस एरवी घाबरट. विकलेल्या पुस्तकात सोळा पानांचा एक फॉर्मा उलटा बांधलेला असला तरी दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नसे. काळजी लागली की सुतळीचं रीळ घ्यायचे आणि वीतभर लांबीचे तुकडे कापत बसायचे. पुस्तकांचे गठ्ठे बांधायला तेवढ्या लांबीची सुतळी कधीच पुरायची नाही. त्यांच्या चिंतेचा माल मी दर आठवड्याला केरात टाकायचे.

तर १९९९ सालच्या गणपतीत आप्पासाहेबांचा भाचा ओंकार पुण्याहून आला. तो तिथे सॉफ्टवेअर कंपनीत होता. येताना त्यानं एक खोकं आणलं. त्यात पंचवीस सीडी होत्या आणि प्रत्येकीबरोबर झेरॉक्स करून स्पायरल घातलेली पुस्तिका. "मामा, ही फ्रीबीएसडी," तो म्हणाला. "कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम आहे. मोफत. कुणीही वापरावी, कुणीही कॉपी करून मित्राला द्यावी, कायद्यानं चालतं. अशाच दुसऱ्या, लिनक्सचं नाव तरी लोकांनी पेपरात वाचलंय, हिला कुणी ओळखत नाही. तुमच्याकडे एवढी माणसं येतात. ठेवा की."

"मोफत आहे तर विकायची कशी?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"सीडीचे आणि झेरॉक्सचे दीडशे घ्या."

"आणि पहिल्यानं घेतली की तो बाकीच्या चोविसांना कॉपी करून देणार?"

"हो. तेच तर व्हायला हवं."

आप्पासाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की हा पोरगा आपल्याच बहिणीचा आहे ना. पण भाच्याला नाही कसं म्हणायचं? खोकं ठेवून घेतलं. कव्हरवर शिंगं असलेलं, हातात त्रिशूळ घेतलेलं, लालबुंद हसरं पोर होतं, म्हणून आप्पासाहेबांनी ते बालवाङ्मयाच्या कप्प्यात लावलं. दोन दिवसांनी एका आजीनं नातवासाठी एक उचलली, तो राक्षस जवळून बघितला आणि शेजारचं अंकलिपीचं पुस्तक घेऊन गेली. मग रंगनाथरावांनी त्या सीडी तिथून काढून स्वतःच्या टेबलावर आणल्या.

इथून त्यांची पंचाईत सुरू झाली. न वाचलेलं विकायचं नाही, आणि सीडी वाचायची कशी? दुकानात कॉम्प्युटर नव्हता. गावातल्या एका क्लासमध्ये ते विनंती करायला गेले, तर तिथल्या मास्तरांनी "आमच्या मशीनला हात लावायचा नाही" म्हणून बाहेरच्या बाहेर घालवलं. शेवटी त्यांनी ठरवलं की पुस्तिका तर पुस्तकच आहे, ती वाचू. चाळीस पानं, सगळी इंग्रजी. डिक्शनरी शेजारी ठेवून आठ दिवस वाचली. समासात पेन्सिलीनं मराठी शब्द लिहिले. कधीच न पाहिलेल्या गावाचा नकाशा पाठ करावा तशी ती पुस्तिका त्यांनी पाठ केली. कुठल्या पडद्यानंतर कुठला पडदा येतो, कुठे काय विचारतं, कुठलं बटण दाबायचं, सगळं तोंडावर.

त्या चाळीस पानांच्या आधी दोन पानं होती. ती ओंकारनं स्वतः लिहिली होती, मराठीत. वर मथळा होता 'प्रस्तावना'. ती रंगनाथरावांनी नेहमीप्रमाणे उलटली.

मग ते विकायला लागले, आणि मी तोंडात बोट घालून बघत राहिले. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी स्केचपेननं पाटी लिहिली: 'स्वतःची. कायदेशीर. वाटून घेता येणारी.' कुणी चाळणारा टेबलाशी घुटमळला की विचारायचे, "गाडी किती वाजताची? दहा मिनिटं आहेत? मग बसा." त्याला कॉम्प्युटर म्हणजे काय हे माहीत असो वा नसो.

एकदा धोतर नेसलेले एक बाबा बसले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फुकट हाय म्हनता, मग दीडशे रुपयं कशापायी?"

"कागदाचे, बाबा. आतल्या विद्येचे काही नाहीत."

"आन् म्या घेतली, आन् पाव्हन्याला दिली, तर पोलीस न्हाई येनार?"

"नाही येणार. देता यावी म्हणूनच केलीय."

"लई भारी हाय मग," बाबा म्हणाले. "पर आमच्यात लाईटच न्हाई," आणि गाडी लागली म्हणून उठून गेले. रंगनाथरावांना त्याचंही समाधान वाटलं.

पण ते समाधान वरवरचं होतं, हे मला दिसत होतं. सुतळीचे तुकडे वाढत होते. "शुभांगीबाई, मी ही चालताना पाहिलेली नाही हो," ते मध्येच म्हणायचे. मी म्हणायचे, "नका ना विकू मग." तर म्हणायचे, "वाचली तर आहे." त्यांची अशी रस्सीखेच चाललेली आणि ती बघून माझंच डोकं उठायचं.

पंधरा दिवसांत चार सीडी गेल्या. एक पारनेरला टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या कारभारींनी घेतली, एक राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या एका संशोधकानं, एक नव्या पेठेतल्या फोटो स्टुडिओवाल्यानं. प्रत्येकाला रंगनाथरावांनी शेवटी एकच सांगितलं: "घाबरायचं काही नाही. ती विचारेल त्याला हो म्हणत जा." तेव्हा पितृपंधरवडा चालू होता आणि पुढे नवरात्र. नवी वस्तू कोण चालू करणार? तिघंही म्हणाले, दसऱ्याला लावतो. विद्यापीठातला शिकलेला माणूससुद्धा म्हणाला, मशीनची पूजा झाली की लगेच.

चौथी सीडी भीमराजांनी घेतली, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, शनिवारी.

भीमराज भिंगारला राहायचे, कॅम्पातल्या एका ऑफिसात सिव्हिलियन क्लार्क होते. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. बोलणं कमी आणि पुस्तकाची पारख पक्की. आठ वर्षांपासून त्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं. छप्पन साली आणि त्यानंतर आपल्या जिल्ह्यात ज्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती माणसं आता म्हातारी झाली होती. रविवार आला की भीमराज टेपरेकॉर्डर पिशवीत घालून एखाद्या गावाला जायचे आणि त्यांच्या तोंडून त्या दिवसांची हकीकत भरून आणायचे. एकशे बारा माणसं झाली होती. त्यातली चाळीस तोवर वारली होती. कॅसेटी चारच होत्या. एक हकीकत कॉम्प्युटरवर टाइप करून झाली की त्याच कॅसेटवर पुढची भरायची. म्हणजे आवाज पुसले गेले होते आणि जे काही होतं ते त्या एका कॉम्प्युटरमध्ये होतं. तो त्यांनी लिलावातून घेतला होता.

"माझ्या मशीनवरची सिस्टीम चोरीची कॉपी आहे," भीमराज त्या दिवशी म्हणाले. "सगळ्या गावाचीच आहे, माहीत आहे मला. शिवाय दोनदा व्हायरस आला. पण ज्या कामात एक अक्षर खोटं चालणार नाही, ते चोरीच्या वस्तूवर करायला बरं वाटत नाही."

रंगनाथरावांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांचं कौतुकच वाटलं. हेच गिऱ्हाईक ते पहिल्या दिवसापासून शोधत होते. सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाले, "विचारेल त्याला हो म्हणत जा." भीमराजांनी सीडी पिशवीत ठेवली, सायकलला टांग मारली आणि गेले.

पुढच्या शुक्रवारी राहुरी गाडीचा कंडक्टर गाडी सुटायच्या आधी दहा मिनिटं दुकानात आला. पुस्तिका उचलली. इंग्रजी त्याला येत नव्हतं, म्हणून त्यानं मराठीतली दोन पानं तेवढी उभ्या उभ्या वाचली. मग म्हणाला, "ओ भाऊ, ह्यात तर लिव्हलंय, बसवताना आधीचं समदं पुसलं जातंय. हे सांगता का गिऱ्हाइकाला?"

"कुठे लिहिलंय?"

"हे काय, सुरुवातीलाच."

रंगनाथरावांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं. ओंकारनं अगदी साध्या शब्दांत लिहिलं होतं: ही सिस्टीम बसवताना नीट न बघता हो म्हणत गेलात, तर तुमच्या कॉम्प्युटरवरचं आधीचं सगळं काम कायमचं पुसलं जाईल. म्हणून आधी सगळा मजकूर फ्लॉपीवर उतरवून घ्या.

कंडक्टर गाडीकडे गेला. रंगनाथराव खुर्चीत बसले. मी पाणी नेऊन दिलं. ग्लास हातात धरून ते एवढंच म्हणाले, "चाळीस पानं इंग्रजी वाचली हो मी. आपल्या भाषेतली दोन वाचली नाहीत." मला 'मी सांगितलं होतं' असं म्हणायचा मोह झाला होता, हे कबूल करते. त्यांचा चेहरा बघून गप्प बसले.

थोड्या वेळानं त्यांना धीर आला. "दसरा मंगळवारी," ते म्हणाले. "अजून कुणी लावलेली नसणार." आणि ते कामाला लागले. स्टुडिओवाल्याकडे त्याच दुपारी चालत जाऊन आले. राहुरीला फोन लावला, तीनदा तुटला, चौथ्यांदा तो संशोधक सापडला. शनिवारी रजा टाकून पारनेरची गाडी पकडली, कारभारींच्या क्लासमध्ये जाऊन ते पान त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सही घ्यावी तसं तीनदा 'समजलं' म्हणवून घेतलं. रविवारी सकाळी दुकानात आले ते जरा माणसात होते. दोन दिवसांत पहिल्यांदा चहाचा अख्खा कप प्यायले.

"झालं एकदाचं," ते म्हणाले.

"आणि भीमराज?" मी विचारलं.

"भिंगार काय, हाकेच्या अंतरावर. उद्या जातो. दसऱ्याला दोन दिवस आहेत अजून."

मी वह्यांचा गठ्ठा सोडत होते. हात तिथेच थांबला. "रंगनाथराव," मी म्हटलं, "भीमराज दसऱ्याला दरसाल नागपूरला असतात. दीक्षाभूमीवर. ते कशाला मुहूर्ताची वाट बघतील?"

खरं सांगायचं तर मला लाज वाटली, आणि ती फक्त त्यांची नव्हती. पंधरा वर्षांची ओळख. दरवर्षी दसऱ्यानंतर हा माणूस नागपूरहून आणलेली पुस्तकं आम्हाला दाखवायला यायचा. तरी आमच्या डोक्यात दसरा म्हटला की सगळ्या जगानं आपट्याची पानं वाटायची आणि सगळ्या जगानं घटस्थापनेपासून हातावर हात ठेवून बसायचं. शुक्रवारपासून तीन माणसांच्या मागे धावलो. ज्याचं सगळ्यात जास्त जाणार होतं त्याला जवळ राहतो म्हणून शेवटी ठेवलं.

रंगनाथराव उठले तेव्हा त्यांच्या मांडीवरचे सुतळीचे तुकडे खाली सांडले. मी आप्पासाहेबांना काय ते दोन वाक्यांत सांगितलं आणि रंगनाथरावांबरोबर निघाले. त्यांना एकटं सोडायची माझी छाती झाली नाही. रिक्षात ते सारखे हिशेब घालत होते. "शनिवारी नेली. रविवारी ते गावाला गेले असतील. मग ऑफिस. रात्री थकून येत असतील, नाही का?" मी "हो, हो" म्हणत होते. "एकशे बारा माणसं," ते मध्येच म्हणाले. "चाळीस तर गेलेली. कुठे जाऊन विचारणार परत?" भिंगारचा बाजार ओलांडेपर्यंत त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. वेशीपाशी म्हशी आडव्या आल्या तर उतरून पळत जायला निघाले. मी दंडाला धरून बसवलं.

क्वार्टरचं दार उघडंच होतं. भीमराजांच्या पत्नी दीपाताई ज्वारी निवडत बसल्या होत्या. "या, या, भाऊ. ताई, तुम्ही पण? आज कसं काय?" आत कोपऱ्यातल्या टेबलाशी भीमराज बनियनवर बसले होते. समोरच्या पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं होती.

रंगनाथराव उंबऱ्यातच थांबले. इतके दिवस लोकांना विकलेली ती सिस्टीम त्यांनी पहिल्यांदा चालताना पाहिली.

"लावलीत?" त्यांच्या तोंडून एवढंच आलं.

"बुधवारीच," भीमराज म्हणाले. "बसा ना."

"भीमराज, माझ्याकडून मोठी चूक झाली." ते बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं. प्रस्तावना न वाचण्याची सवय, कंडक्टर, दसऱ्याचा अंदाज, काहीही लपवलं नाही. "मी तुम्हाला विचारेल त्याला हो म्हणा म्हणालो. मला तसं म्हणायचा अधिकार नव्हता. तुमचं सगळं गेलं ना?"

भीमराजांनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. "नाही गेलं. मी प्रस्तावना वाचली होती."

रंगनाथरावांनी चष्मा काढला.

"तुमच्या शब्दावर घेतली, रंगनाथराव. पण केलं ते वाचून केलं. विचारेल त्याला हो म्हणायची आमच्या घरात सवय नाही," ते हसत म्हणाले. "आधी सगळं फ्लॉप्यांवर उतरवलं. बारा झाल्या. मग बसवली."

मी दीपाताईंजवळ टेकले. रंगनाथराव दोन्ही हातांनी चेहरा झाकून बसले होते. त्यांना हायसं वाटलं असणार, आणि थोडं लागलंही असणार. त्यांच्यावर पूर्ण भरवसा टाकला नाही म्हणूनच तो माणूस वाचला होता.

"मग सगळं आहे," मी म्हटलं.

दीपाताईंचा ज्वारी निवडणारा हात थांबला.

"अकरा आहेत," भीमराज म्हणाले. "या सिस्टीमवर त्या उघडायच्या कशा ते मला अजून जमलेलं नाही. म्हणून काल कोपऱ्यावरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नेऊन बघितल्या. अकरा उघडल्या. एक उघडत नाही. तिघांनी बघितली, नाहीच उघडत. त्यात एकच हकीकत होती, आईची. तिच्यासाठी वेगळी फ्लॉपी केली होती, नीट जपून ठेवायची म्हणून."

त्यांच्या आई बनुबाई पाच वर्षांपूर्वी वारल्या होत्या.

"तुमच्या दुकानातूनच घेतल्या फ्लॉप्या," ते माझ्याकडे बघून सहज म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "सोमवारी. तुम्हीच दिल्यात."

मला आठवलं. सोमवारी दुपारी काउंटरला गर्दी होती आणि रंगनाथराव जेवायला गेले होते. भीमराजांनी बारा फ्लॉप्या मागितल्या. डबा दहांचा. वरच्या दोन मी काउंटरच्या काचेखालून काढून दिल्या. दोन वर्षं त्या तिथे नमुना म्हणून मांडलेल्या होत्या आणि रोज दुपारी त्या काचेवर ऊन यायचं. फडक्यानं पुसून दिल्या. कशाला हव्यात, हेही मी विचारलं नाही.

"सुटी होती का हो ती?" मी विचारलं.

"हो. सुट्यांतलीच एक."

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. रंगनाथरावांनी जिच्यानं कुणाचं काही गेलं नव्हतं अशी चूक कबूल करायला घाम गाळत एवढी धाव घेतली होती. मी जिभेची तिखट, सगळ्यांच्या चुका काढणारी, खाली मान घालून ज्वारीतले खडे वेचायला लागले.

रंगनाथरावांनी खिशातलं पेन काढलं. "भीमराज, तुम्ही ती हकीकत स्वतः टाइप केली होती. कितीतरी वेळा वाचली असेल. आठवेल तेवढी सांगा, मी लिहून घेतो. आत्ता. उद्यावर ठेवायला नको."

दीपाताईंनी वही आणून दिली. भीमराज भिंतीकडे बघत सांगू लागले आणि बघता बघता त्यांचं बोलणं आईच्या बोलण्यात गेलं. "'दिक्षेला आमी गाडीनं न्हाई गेलो. चालत गेल्तो. माज्या कडंवर थोरली हुती. वाटंनं आमच्या म्होरं दोन गावची मानसं चाललेली, समदी पांढऱ्या कापडात. म्या धनी नको म्हनत असताना लुगडं धुऊन पांढरं क्येलं हुतं.'" रंगनाथराव भरभर लिहीत होते. एक पान झालं, दुसरं अर्धं झालं. भीमराज कुठे अडखळत नव्हते. मला वाटलं, सगळं परत येतंय. मी मनातल्या मनात हात जोडले. कुणाला, ते माहीत नाही.

"'घरी आलो. दुसऱ्या दिशी द्येव गोळा क्येलं आन् नदीला दिलं. कोनाडा मोकळा झाला. सासू तिथंच बसून ऱ्हायली, जेवंना. मंग म्हनली, आगं बनू, द्येव गेलं, आता ह्या कोनाड्यात काय ठिवायचं? तवा म्या म्हनलं...'"

भीमराज थांबले.

रंगनाथराव पेन टेकवून वाट बघत होते. भीमराजांनी डोळे मिटले, उघडले. "तवा म्या म्हनलं," ते पुन्हा म्हणाले. मग दीपाताईंकडे वळले. "काय म्हणाली होती गं?"

"त्यावर आपण सगळे हसलो होतो," दीपाताई म्हणाल्या. "आई स्वतःच इतक्या हसल्या की तुम्ही टेप बंद केला होता."

"हो, ते आठवतं. पण म्हणाली काय?"

"मिठाचं काहीतरी होतं का?"

"मीठ न्हाई. अख्खं वाक्य होतं." ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. चाळिशीच्या पुढचा तो माणूस, जिल्हाभरच्या म्हाताऱ्यांची बोलणी ज्यानं गोळा केली, तो आपल्या आईचं एक वाक्य त्या खोलीत शोधत होता. रंगनाथरावांनी दोन ओळी मोकळ्या सोडल्या आणि हलकेच म्हणाले, "पुढचं सांगा. हे आठवेल मग." पुढचं त्यांनी सांगितलं, पण आता अडखळत.

आम्ही परत आलो. सोमवारपासून रंगनाथराव टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला ती मराठी दोन पानं स्वतः वाचून दाखवायला लागले, मग त्याची गाडी चुकली तरी चालेल. वर्षभरात आणखी सहा सीडी गेल्या. काचेखाली उरलेला नमुन्याचा सगळा माल मी एका दुपारी कुणाला न सांगता फेकून दिला.

पुढे भीमराज दुकानात आले की रंगनाथराव सगळ्यात आधी विचारायचे, "आठवलं?" भीमराज नाही म्हणून मान हलवायचे. मी काउंटरखाली वाकून काहीतरी शोधत राहायचे.